आना ड्रेशरची मान

वेबरोडे, जर्मनी
दि. २३ ऑक्टोबर २००५

ती. आत्यास,
अश्वजितचा सविनय जयभीम.

वि. वि. तुझं पत्र बारा दिवसांनी हाती पडलं. मी खुशाल आहे. थंडी सुरू झाली आहे आणि तू दिलेला स्वेटर मी झोपतानासुद्धा काढत नाही. जेवणाची काळजी करू नकोस. इथला पाव विटेसारखा असतो, पण सुपात बुडवला की चालतो.

तू विचारलंस, शिष्यवृत्तीवर गेलास तर शिकवणारे साहेब कसे आहेत. ते मूर्तिकार आहेत, नाव आल्विन ड्रेशर. वय अठ्ठ्याहत्तर. या देशातल्या कितीतरी गावांच्या चौकांत त्यांनी घडवलेले पुतळे उभे आहेत. मला वाटलं होतं, मोठ्या घरचे असतील. तसं नाही. वडील वीटभट्टीवर मजूर, ते लवकर वारले. आई, आना तिचं नाव, इथल्या सूतगिरणीत कातकामगार. कामाची पाळी संपली की गिरणीमालकांच्या घरचे कपडे धुवायला न्यायची. चौदाव्या वर्षी साहेबांना थडग्यांचे दगड घडवणाऱ्याकडे कामाला घातलं. तिथं मेलेल्यांची नावं कोरता कोरता हात बसला. सतराव्या वर्षी लढाईवर पाठवलं, तिथं बर्फानं डाव्या हाताची दोन बोटं गेली. तीन बोटांत छिन्नी धरून त्यांनी आजवरचं सगळं काम केलं आहे.

ती सूतगिरणी कधीच बंद पडली. आता तिथं कामगारांच्या आठवणींचं संग्रहालय होणार आहे आणि दारात साहेबांच्या आईचा दगडी पुतळा बसणार आहे, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं घेतलेला. हे त्यांचं शेवटचं मोठं काम, असं ते स्वतःच म्हणतात. दगडाला हात लावण्याआधी त्यांनी पूर्ण उंचीचा मातीचा नमुना केला आहे. मान खाली, पाठ वाकलेली. सगळे वाहवा करतात. पण साहेब रोज त्याच्यापुढं स्टूल टाकून बसतात आणि नाही, नाही म्हणतात.

काल त्यांनी माझी चित्रांची वही चाळली. त्यात तू आहेस, कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन. कोण म्हणून विचारलं, तर मी सांगितलं की गावाकडं अशा बाया असतात. मग म्हणाले की अशा एखाद्या बाईला पत्र लिहून विचार, ओझं नेमकं कसं नेतात. म्हणून विचारतो. हसू नकोस, नीट लिही.

बाबा वणीहून आले की त्यांना जयभीम सांग. तुझी माया अशीच पोचती राहो.

तुझा,
अश्वजित


भीमनगर, राळेगाव
दि. १४ नोव्हेंबर २००५

चि. अश्वजित यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद आन् जयभीम.

पत्रास कारन की तुहं पत्र भेटलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईले जर्मनीतून परश्न येते म्हनून पोस्टमन पन हासला. मी त्याले म्हनलं, मले आता फी ठेवा लागन.

इकडं औंदा पऱ्हाटीवर लाल्या पडला. पानं लाल होऊन गळून राह्यले. कापसाले भाव नाई म्हनून जिनिंगपुढं बैलबंड्या दोन दोन दिवस उभ्या रायतेत. विमलताईचं एवढं मोठं वावर, पन वेचाले बाया सांगितल्या नाईत, सासू-सुना दोघीच वेचून राह्यल्या. आमच्या टोळीले आठवड्यात दोन दिवस काम लागते. तुहा बाप वणीले खानीवर टरक भरते, शनिवारच्या एस.टी.नं येते. तब्येत बरी हाये. मिशी काळी करून राह्यला, कायले ते मी इचारलं नाई.

आता तुह्या साहेबाचं. आयक. पयले चुंबळ पायजे, जुन्या लुगड्याची, ना घट्ट ना ढिली. गाठोडं दोघी उचलून देतेत. ठेवलं की लगेच निंगाचं नाई. दोन दम घ्याचे, वजन आपल्या जागेवर बसू द्याचं. मंग मान उंच, हनवटी आत. नजर दूर, वावराच्या धुऱ्यावरच्या बोरीवर. पायाकडं कोनी पाहात नाई. भार मानीत नसते बापू, टाचेत असते. पायाचे बोटं ढेकूळ धरतेत. हात वर लावाचा नाई, वारा असला तरच.

तुह्या साहेबानं मान खाली केली ते चुकलं. वाकलेली बाई गाठोडं नेऊच शकत नाई. वाकली की गाठोडं पडलं. आमी वाकतो ते घरी आल्यावर, चुलीपुढं. मले वाटते त्यानं आपली माय घरी आल्यावर पाह्यली असन, रस्त्यानं चालतानी पाह्यली नसन. मोठा मानूस हाये, रागवन त रागवू दे. खरं ते सांगितलं.

पाव नुसता खाऊ नको, दातं हालतीन. आमच्यावरचा जीव उना करू नको.

तुही आत्या,
नलू


वेबरोडे
दि. ११ डिसेंबर २००५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

वि. वि. तुझ्या पत्रानं इथं काय झालं ते ऐक. मी ते साहेबांना जर्मनमध्ये वाचून दाखवलं. साहेबानं माय रस्त्यानं चालताना पाहिली नसेल, हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले की या बाईला हे कसं कळलं? लहानपणी आई गाठोडं घेऊन निघाली की ते दुसऱ्या गल्लीनं शाळेत जायचे. सोबतची पोरं नदीकडच्या रस्त्यानं यायची आणि ती धुणं वाहणारी आपली आई आहे, हे त्यांना कळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर त्यांनी तारेनं मातीचा नमुना कापायला घेतला होता. आठ महिन्यांचं काम, आत्या! मी धावलो, पण त्यांनी मलाही तार धरायला लावली. संग्रहालयाची समिती फार रागावली आहे. सप्टेंबरात उद्घाटन आहे आणि साहेबांचे हात थरथरतात. आता नवा नमुना आणि मग दगड, एवढं होणार कसं? साहेबांनी त्यांना एवढंच सांगितलं की पहिली बाई माझी आई नव्हती, ती माझी दया होती.

मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. १९५८ साली त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. वर्तमानपत्रवाल्यांनी घरची माहिती विचारली, तर त्यांनी सांगितलं की वडील शाळामास्तर होते आणि आई हयात नाही. आई तेव्हा इथंच, याच गावात गिरणीत कामाला होती. तिनं ते वाचलं. त्यांना कधी एका शब्दानं बोलली नाही. ती गेल्यावर तिच्या पत्र्याच्या डब्यात त्यांना ते कात्रण सापडलं, नीट घडी घातलेलं. मुलाचं नाव छापून आलं म्हणून तिनं जपून ठेवलं होतं.

हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. आत्या, मला तुला एक सांगायचं आहे. नागपूरला आमच्या कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या प्रदर्शनाला तू आली होतीस. जवसाची चटणी आणि भाकरी घेऊन दारात उभी होतीस, चपलांना वावरातली माती होती. माझ्या मित्रांनी विचारलं, कोण? मी म्हणालो की गावाकडच्या शेजारच्या बाई आहेत, निरोप घेऊन आल्यात. आणि तुला लवकर बसमध्ये बसवून दिलं. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, तिच्याबद्दल मी असं बोललो. वही चाळताना साहेबांनाही तुझी ओळख गावाकडची बाई एवढीच दिली होती. आज त्यांना खरं सांगितलं. आता तुला सांगतो आहे. रागाव, पण लिहायचं थांबू नकोस.

तुझा,
अश्वजित


राळेगाव
दि. ६ जानेवारी २००६

चि. अश्वजित यास,
अनेक आशीर्वाद आन् जयभीम.

तुहं पत्र दोनदा वाचलं. आरे, मी दारातच त उभी होती. मले आयकू आलंतं.

खोटं नाई सांगत, दुखलंतं. हिंगणघाटपर्यंत लय राग होता. मनात म्हनलं, याले आता घरात घेनार नाई. वडनेरले भूक लागली, त तुह्यासाठी आनलेली एक भाकर पिशवीत राह्यलती, ते खाल्ली. खाता खाता वाटलं, पोरगा नवा हाये, शयरातले पोरं हासतीन म्हनून भेला असन. माहे पाय बी त खराबच होते. पन मंग घरी येऊन मी ते चपला फेकून देल्या, हे आज सांगते.

तुह्या साहेबाच्या मायनं कागद जपून ठेवला. मी तिच्याएवढी चांगली नाई. मी आज बोलून राह्यली. पन तू सोताहून लिवलं, त्यानं माह्या मनातला काटा निंघाला. आता रडत बसू नको, जेवत जा. एकच कर, दुसऱ्यांदा कोनी इचारलं त नीट सांगशीन.

इकडं वेचनी संपत आली. फरदडीचा, दुसऱ्या बहराचा कापूस कोनी वेचून नाई राह्यलं, लोकाइनं वावरात गाई-ढोरं सोडले. आमच्या टोळीतल्या चार बाया चंदरपूरकडं इटाभट्टीवर गेल्या. मी नाई गेली, तुह्या बापाले शनिवारी आयती भाकर पायजे.

साहेबाले माहा जयभीम सांग आन् म्हन, मातीची बाई मोडली त काई बिघडलं नाई, माती तेच हाये. घरच्यांची याद ठेवत जा.

तुही आत्या,
नलू


वेबरोडे
दि. १९ मार्च २००६

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

वि. वि. तुझ्या पत्रानंतर मी पुन्हा पोटभर जेवायला लागलो, हे आधी सांगतो. पण आजची बातमी बरी नाही. साहेबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आहे. बोलतात, पण शब्द अडखळतात.

नवा नमुना त्यांनी फेब्रुवारीतच पूर्ण केला होता. तू सांगितलंस तशी आना उभी राहिली, नजर लांब आणि हनुवटी आत. चुंबळ कशी असते ते मी टॉवेलची करून दाखवलं, तर साहेब हसून म्हणाले की त्यांची आईसुद्धा हेच वापरायची. लाल वाळूचा दगड आणला, माझ्याहून हातभर उंच. अंग, वस्त्र, गाठोडं आम्ही दोघांनी मोकळं केलं. चेहरा, मान आणि पावलं दगडातच आहेत अजून.

समितीनं दुसरा नावाजलेला मूर्तिकार आणायचं ठरवलं होतं. साहेबांनी दवाखान्यातून निरोप धाडला की उरलेलं काम अश्वजित करेल, नाहीतर दगड तसाच ठेवा. समितीत दोन दिवस वाद झाला. शेवटी हो म्हणाले, पण चेहऱ्यांवर दिसत होतं की हा कालचा पोरगा काय करणार.

शिष्यवृत्ती या महिन्याअखेर संपते. काम संपेपर्यंत साहेबांच्या घरी राहता येईल आणि इथं राहण्याच्या परवान्याची मुदतही वाढवून मिळते आहे. पण आत्या, मला भीती वाटते. माती चुकली तर परत लावता येते. दगडाचा टवका उडाला की उडाला. मानेपाशी छिन्नी नेतो आणि हात मागं घेतो. चार दिवस नुसता भोवती फिरतो आहे.

तुझ्या पत्राची वाट पाहतो. हाताला बळ येईल असं काहीतरी लिही.

तुझा,
अश्वजित


राळेगाव
दि. ३ एप्रिल २००६

चि. अश्वजित यास,
अनेक आशीर्वाद आन् जयभीम.

तुहं पत्र आलं त्याच दिवशी तुह्या नावाचा दुसरा लखोटा आला. यवतमाळच्या एका शाळेचा. ड्राइंग मास्तरची जागा हाये, कायम. मुलाखत पंचवीस एप्रिलले. जायच्या आधी तू अर्ज केलता ना, त्याचं. तुह्यापासून लपवाचं नाई म्हनून लिवते.

तुहा बाप म्हनते की आत्ताच्या आत्ता बोलावून घे. त्याचं बी चुकत नाई. खानीवर त्याचं काम कधी असते, कधी नसते. कापसानं साऱ्याइचेच हात रिकामे केले. घरात एक कायम पगार येईन, हे त्याचं सपन हाये. मी म्हनलं, पोराले काम पुरं करू दे. त्यावर त्यानं ताट सरकवलं आन् न जेवता वणीची गाडी धरली. येत्या शनिवारी येते का नाई, ठाऊक नाई.

आता माहं आयक. मुलाखतीले याचं असन त ये, मी नाई म्हननार नाई. पन मले इचारशीन त, वेचाले गेलेली बाई अर्धी ओळ सोडून घरी येत नाई. घर आमी निभावून नेऊ. त्या मायले दगडात मानीपर्यंत गाडून येऊ नको. तिचा पोरगा वाट पाहून राह्यला, त्याचे हात गेले, तुहेच हाये त्याले.

मानीले भेऊ नको. तुही माय गेली तवा तू दोन वर्षाचा होता. मी तुले खांद्यावर बसवून वावरात नेत होती आन् तू दोनी हातानं माही मान धरून बसत होता. घामानं हात घसरे, त अजून घट्ट धरे. तुह्या हाताले मान ठाऊक हाये. डोळे मिटून आठव आन् मंग छिन्नी लाव.

काय ठरवलं ते कळव. दूर हायेस, पन परका नाई.

तुही आत्या,
नलू


वेबरोडे
दि. २८ मे २००६

आदरणीय नलूताई यांस,
आल्विन ड्रेशरचा नमस्कार.

मी सांगतो आणि तुमचा भाचा तुमच्या भाषेत लिहितो. त्यानं काही गाळलं तर त्याचा कान धरा.

तो मुलाखतीला आला नाही. त्याचं एक कारण मी आहे, म्हणून माफी मागायला हे पत्र. माझ्या म्हाताऱ्या हट्टापायी तुमच्या घरचा कायमचा पगार हुकला. मी मजुराच्या घरचा आहे, त्या लखोट्याची किंमत मला कळते. मी त्याला जा म्हणालो होतो. त्यानं तुमचं पत्र मला वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी मानेचं काम सुरू केलं.

मी चाकांच्या खुर्चीत बसून पाहत होतो. सतरा दिवस लागले. तो मधेच डोळे मिटायचा, डाव्या हातानं दगड चाचपायचा आणि मगच घाव घालायचा. पन्नास वर्षं मी शिकवलं. असं कुणी काम करताना मी पाहिलं नव्हतं.

माझ्या कामावर मोठमोठ्या विद्वानांनी लिहिलं आहे. मी माझ्या आईला रस्त्यात पाहिलंच नाही, हे सांगणाऱ्या तुम्हीच एक. आता ती रोज माझ्यासमोर उभी असते. मी तिच्याकडं बघतो आणि तिची नजर माझ्या डोक्यावरून पार पुढं जाते. तसंच हवं.

मुलाच्या वडलांना सांगा की एका बापाकडून दुसऱ्या बापाला जेवढा आदर देता येतो, तेवढा मी देतो.

तुमचा ऋणी,
आल्विन ड्रेशर


वेबरोडे
दि. १८ सप्टेंबर २००६

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

वि. वि. काल आना ड्रेशर गिरणीच्या दारात उभी राहिली. सोबत फोटो पाठवतो, जपून उघड.

पाचेकशे माणसं होती. साहेबांना मंचावर चढता आलं नाही, म्हणून ते खालीच, आईच्या पावलांपाशी खुर्चीत बसले. वर्तमानपत्रवाल्यांकडं वळून म्हणाले की अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या तोंडचं एक खोटं छापून आलं होतं, ते आज दुरुस्त करून घ्या. माझा बाप वीटभट्टीवरचा मजूर होता. माझी आई या गिरणीत एकतीस वर्षं सूत कातत होती आणि लोकांचे कपडे धूत होती. ते खोटं छापलं तेव्हा ती जिवंत होती आणि तिनं ते वाचलं. एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला, शब्द अडत होते. आज सकाळी सगळं जसंच्या तसं छापून आलं आहे.

मग जुन्या कामगार बायांना पुढं बोलावलं. नऊच उरल्या आहेत. त्यांत हेडविग म्हणून एक्क्याण्णव वर्षांच्या आजी, आनाच्या शेजारच्या यंत्रावर काम केलेल्या. यंत्रांच्या आवाजानं कान गेलेले, म्हणून बोलतात मोठ्यानं. नातीचा हात सोडून त्या पुतळ्यापुढं उभ्या राहिल्या, हळूहळू स्वतःची हनुवटी वर केली आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की आना अशीच चालायची. आम्ही मागून म्हणायचो, बघा, दुसऱ्यांच्या मळक्या चादरी घेऊन राणी चालली. साहेब हसले आणि हसता हसता रडायला लागले. मीसुद्धा.

एका बातमीदारानं मला विचारलं की भारतातल्या माणसानं ही चाल कुठं पाहिली? मी सांगितलं की माझ्या आत्याची आहे. ती कापूस वेचते, तिनं मला वाढवलं, आणि पहिला नमुना चुकला आहे हे तिनंच पत्रातून कळवलं. त्यानं तुझं नाव तीनदा विचारून लिहून घेतलं.

आणखी एक. नदीपलीकडच्या गावानं त्यांच्या पुलाजवळ वीटभट्टी कामगाराचा पुतळा करायला मला सांगितलं आहे. मला, माझ्या नावानं. नीट पगार आहे, एप्रिलपर्यंतचं काम. पहिल्या महिन्यापासून घरी पैसे पाठवीन. पण बाबा अजून रागात असतील तर मी काय करू? त्यांनी एकदा तरी हो म्हणावं असं वाटतं.

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहणारा,
अश्वजित


राळेगाव
दि. १५ ऑक्टोबर २००६

चि. अश्वजित यास,
अनेक आशीर्वाद आन् जयभीम.

फोटो पोचला. पयले मी एकटीनंच पाह्यला, दार लावून. मंग वेचाले जातानी घेऊन गेली. औंदा पऱ्हाटी बरी हाये, विमलताईनं आमची टोळी बोलावली. बांधावर साऱ्या बायाइनं हात लुगड्याले पुसून फोटो पाह्यला. टोळीतली दीपा म्हने गाठोड्याची गाठ अशी नसते, सुटन. विमलताईनं पायाचे बोटं पाह्यले आन् म्हने, ही खरीच चालून राह्यली. कोनी मले म्हनलं की नलू, हनवटी तुहीच हाये. मी म्हनलं, हट. पन घरी येतानी गाठोडं डोक्यावर होतं आन् मले सारखं वाटे, आपल्याले कोनी पाहून राह्यलं. जराशी सरळच चालली मी.

पुलाचं काम घे. ड्राइंग मास्तरची जागा भरली, तिचा इचार सोड. हेडविगबाईले माहा जयभीम सांग, मोठ्यानं सांग.

तुह्या बापानं मागच्या शनिवारी फोटो नेलता, आज आनून देला. मले म्हने कागद दे, मी लिवतो. मी त्याले आजपर्यंत सहीशिवाय काई लिवतानी पाह्यलं नाई. दोन तास बसला. खाली त्याचंच अक्षर हाये, हासू नको.

तुही आत्या,
नलू

चि. अश्वजित जयभीम. मी डोमाजी लिवतो. दुसरी शिकलो तवाचं जेवढं याद हाये तेवढं लिवतो. फोटो वणीले नेला. खानीवर साऱ्याइले दाखवला. किसनसिंग डायवर म्हने कोन हाये. मी म्हनलं जर्मनीतली कामगार बाई. तो म्हने बनवली कोनं. मी म्हनलं माह्या पोरानं. त्यानं टरकच्या काचेले लावाले मांगतला. मी देला नाई. एकच हाये. आनखी पाठव.

तुहा बाप
डोमाजी